गोगलगाय कोणत्या खात्याची

गोगलगाय हा कीटक नाही. मागच्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्या अर्जांत आणि इतक्या कार्यालयांना उद्देशून लिहिले की शेवटी पोस्टातला कारकून माझे पाकीट काट्यावर ठेवतानाच विचारू लागला, "गोगलगायच ना, काका?" कीटकाला सहा पाय असतात. गोगलगाईला एकच पाय असतो आणि तोही तिच्या पोटाचाच झालेला असतो. हा फरक ज्याला क्षुल्लक वाटतो त्याने दिवाणी न्यायालयात नोकरी केलेली नाही. मी केली. नाझर म्हणून निवृत्त होईपर्यंत जप्त्या, ताबे आणि बजावण्या यांतच माझी हयात गेली, आणि केवळ प्रतिवादीचे नाव चुकले म्हणून पडलेले दावे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा नाव बिनचूक पाहिजे, यावर मी अडून बसलो. दावा तरीही पडायचा तो पडलाच.

दावा माझा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. तो माझ्या थोरल्या वहिनींचा होता.

आमचे गाव बेंबळीच्या अंगाचे. थोरले बंधू गेल्यापासून त्यांच्या वाटणीचे ओढ्याकाठचे रान वहिनी स्वतः कसतात. 'स्वतः' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. पेरणीला ट्रॅक्टर भाड्याचा येतो, परंतु त्याच्यामागे चालत, बियाणे किती खोल पडते ते बोटाने उकरून पाहणाऱ्या वहिनीच असतात. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आईने या वयात चिखल तुडवू नये, आपल्याजवळ येऊन राहावे, असे त्याला वाटते. आणि हे वाटणे चुकीचे आहे असे मला कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. त्यातच पवनचक्कीच्या कंपनीची माणसे आमच्या शिवारात नकाशे घेऊन फिरू लागली. एक मनोरा वहिनींच्या रानात बसत होता आणि त्याचा रस्ता उरलेल्या रानाच्या बरोबर मधून जात होता. भाडेपट्ट्याची मुदत एवढी लांब, की ती संपेल तेव्हा ती संपली हे पाहायला आमच्यापैकी कोणी असणार नाही.

उन्हाळ्यात मुलगा गावी आला असताना माय-लेकांचे याविषयी बोलणे झाले. मी तेथे हजर होतो.

"आई, मागच्या साली पावसानं नासलं. त्याच्या आदल्या साली पाऊसच नव्हता. किती दिवस चालवायचं हे?"

"औंदा एक डाव बघ," वहिनी म्हणाल्या. "औंदा रान पिकलं तर परत इषय काढायचा न्हाय. न्हाय पिकलं, तर तू म्हणशील तितं अंगठा देते."

"सही येते की तुला."

"मग सही देते. शब्द दिला म्हंजी दिला."

मी मध्ये पडलो. सातबारा वहिनींच्या नावावर आहे, अशा तोंडी बोलण्याला कायद्याचा आधार नाही, पीक आले नाही तरी त्यांच्यावर कोणालाही सक्ती करता येणार नाही, हे मी दोघांनाही समजावून सांगितले. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भावजी, तुमचा कायदा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. ल्योक हाय माझा. त्येच्याशी काय कोर्टात बोलू व्हय?"

अशा रीतीने सगळे रान एका हंगामावर येऊन ठेपले, आणि त्या हंगामावर गोगलगाई आल्या.

सोयाबीनचा कोंब जमिनीतून मान वर काढतो तेव्हा त्याच्या माथ्यावर दोन जाड दले असतात. ही दले आणि त्यांच्यामधला शेंडा खाल्ला गेला की त्या रोपाचे पुढे काहीही होत नाही. मृगातली पेरणी चांगली उगवली होती. ओळी बांधावरून मोजता याव्यात इतक्या स्वच्छ दिसत होत्या. मग एके सकाळी ओढ्याच्या बाजूच्या ओळींत नुसते दांडे उभे दिसले, आणि त्या दांड्यांवरून, ढेकळांवरून, बांधावरच्या दगडांवरून वाळलेल्या लाळेच्या रेघा उन्हात चमकत होत्या. आठवडा संपायच्या आत त्या रेघा रानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्या. केवळ वहिनींचेच नव्हे, ओढ्याकाठचे प्रत्येकाचेच रान असे झाले.

पंचनाम्याला कृषी सहायक म्हणून जी मुलगी आली ती वयाने माझ्या नातीएवढी होती. बुटांना चिखलाची ढेपळे लागलेली, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात छापील नमुना.

"काका, इथं 'किडीचा प्रकार' असा रकाना आहे. शंखी गोगलगाय लिहिते."

"ती कीड नाही."

"पिकाचं नुकसान करते ती कीड, काका."

"मग रानडुक्कर कीड आहे का?"

"रानडुकराचा फॉर्म वेगळा आहे."

"आणि गोगलगाईचा?"

तिने नमुना उलटून मागची बाजू पाहिली. "तिचा नाही."

"मग हा रकाना खोडा आणि 'मृदुकाय प्राणी' असे लिहा. माझ्यासमोर लिहा."

"आवं, पोरीला पानी तरी पिऊ द्या आधी," वहिनी बांधावरून म्हणाल्या. मुलगी पाणी प्यायली, मग तिने खोडून मी सांगितले तसे लिहिले आणि खोडल्याच्या ठिकाणी सहीसुद्धा केली. खाडाखोडीवर सही करण्याची शिस्त आजकाल मोठमोठ्या अधिकाऱ्यांत दिसत नाही. मला तेव्हा समाधान वाटले होते.

पण ज्याच्याविरुद्ध आपण लिहितो त्याची पूर्ण ओळख आपल्यालाही असली पाहिजे. म्हणून मी रान, बांध, ओढा आणि घरामागचा उकिरडा येथून दिसेल ती गोगलगाय गोळा करून बरण्यांत ठेवू लागलो. बरण्या लोणच्याच्या होत्या. त्यावरून सौभाग्यवतींनी माझ्याशी बोलणे सोडले; म्हणजे बोलणे नव्हे, सरळ बोलणे सोडले. "सेवानिवृत्त झाले म्हणून आम्ही सत्कार केला," असे त्या ओसरीतल्या खांबाला सांगत. "आता ह्या लाळेच्या बरण्यांचा कुणी करायचा?"

जिल्ह्याच्या गावी प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना पत्र लिहून वेळ मागितली आणि पिशवीत बरण्या घेऊन एसटीने निघालो. कंडक्टरने तिकीट देता देता पिशवीत वाकून पाहिले.

"काय हाय, मालक? मध?"

"गोगलगाई."

तो मागे सरकला. "जित्या?"

"जिवंत."

"ह्यांचं हाफ तिकीट लावू का?" असे म्हणून तो हसला. अख्खी गाडी हसली. मी त्याला, सजीव वस्तूंच्या वाहतुकीबाबत महामंडळाचा नियम काय आहे असे विचारले. तो पुढच्या सिटांकडे निघून गेला.

प्राध्यापकांनी बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मला संबंध दुपार दिली. त्या दुपारी मला जे कळले त्याने माझा राग कमी झाला नाही, पण त्याला धड दिशा मिळाली. मृदुकाय हा प्राण्यांचा फार मोठा समूह. शिंपले त्यातलेच, समुद्रातला आठ भुजांचा प्राणी त्यातलाच, आणि पोटाने चालणारे उदरपादही त्यातलेच. उदरपादांतल्या काही पाण्यात राहतात आणि कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांच्या शंखाच्या तोंडाला पक्के झाकण असते, अंग आत ओढले की ते दार लागते. आमच्या ओढ्यातल्या काळपट गोगलगाई या जातीच्या. त्या शेवाळ खातात आणि आपण होऊन कधीही रानात येत नाहीत. बाकीच्या जमिनीवर राहणाऱ्या. त्यांना कल्ले नाहीत, फुप्फुस आहे, झाकण नाही, आणि डोळे वरच्या लांब शिंगांच्या टोकांवर. यांतही एक रुपयाच्या नाण्यासारखी चपटी होती, ती कुजलेला पाला खाणारी. एक तांदळाच्या दाण्याएवढी होती, ती चक्क दुसऱ्या गोगलगाई खाणारी. ज्यांना शंख नसतो, ज्यांना आमच्याकडे शेंबडी म्हणतात, त्यांचे पूर्वजही शंखवालेच होते आणि तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टाकत आणला. प्राध्यापकांच्या एका नळीत तर अशी एक होती की तिच्या पाठीत नखाएवढाच शंख उरला होता, तोही कातडीने अर्धा झाकलेला. ही शंखी की शेंबडी, असे मी विचारले.

"ती दोन्हींच्या मध्ये आहे."

"कागदावर मध्ये लिहिता येत नाही."

"निसर्गाला कुठे लिहायचंय?" ते म्हणाले. मला ते उत्तर आवडले नाही.

रान खाणारी ती शेवटच्या बरणीतली. हाताच्या बोटाएवढा उंच शंख, त्यावर तपकिरी पट्टे. ही येथली नव्हेच. आफ्रिकेतून कोणा हौशी माणसाने देशात आणली आणि सोडून दिली, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे प्रत्येकच गोगलगाय अंडी घालते. तुरीच्या दाण्याएवढी, पिवळसर, ओल्या मातीत पुंजक्याने. दिवसा झुडपांच्या बुडाशी गारव्यात बसायचे, सूर्य मावळला की चरायला निघायचे. खाण्यात आवडनिवड नाही.

परत आलो तर गावात निराळाच प्रकार चालू होता. संतापलेली माणसे दिसेल तो शंख दगडाने ठेचत होती. ओढ्यातल्या झाकणवाल्यासुद्धा, पाला खाणाऱ्या चपट्यासुद्धा. ओळख न पटवता शिक्षा देण्याचा हा प्रकार मला पाहवला नाही. मी मारुतीच्या पारावर लोकांना बसवले, बरण्या मांडल्या आणि एकेकीची ओळख करून दिली. वहिनी बायकांत मागे बसून ऐकत होत्या.

"एवढं कोण बघत बसतंय, नाझरसायेब?" एक जण म्हणाला. "आधी ठेचायचं, मग झाकण हाय का बघायचं."

"न्यायालयात आधी फाशी आणि मग सुनावणी होत नाही," मी म्हणालो. "ओढ्यातली गोगलगाय गरीब आहे. तिने तुमचे एक पानसुद्धा खाल्लेले नाही. दोषी फक्त ही आहे." मी शेवटची बरणी उंच धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोगलगाईपेक्षा माझ्या आवेशाला वाजवल्या असाव्यात.

मग गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने सगळ्यांनी संध्याकाळी रानात पसरली. वासाने गोगलगाई त्यांच्याखाली जमतात. सकाळी बारदान उचलायचे, वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. वहिनींनी महिनाभर हे काम एकटीने केले. आषाढात दुबार पेरणी झाली. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढला. दुसरी उगवण पहिलीइतकी दाट नव्हती, पण उभी राहिली. पहिले तिहेरी पान फुटले त्या दिवशी वहिनींनी रानातून थेट माझ्या ओसरीवर येऊन ते सांगितले. बसल्या नाहीत. नुसते सांगून गेल्या.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. ओढ्याचा काठ आणि त्यापलीकडचे गायरान. काठावर बेशरमीची दाट झुडपे आहेत, त्यांच्या बुडाशी भर उन्हातही ओल असते. जमीन सरकारी. शेतकऱ्याने आपले रान कितीही साफ ठेवले तरी सरकारी झुडपांतून नव्या फौजा येत राहिल्या तर त्याने काय करावे? झुडपे तोडा आणि काठावर विषाची आमिषे टाका, एवढीच माझी मागणी होती. मी कृषी खात्याकडे अर्ज केला. उत्तर आले. अर्जदारानेच पंचनाम्यात नमूद केल्याप्रमाणे नुकसान किडीमुळे नसून प्राण्यामुळे झाले असल्याने, सदर बाब वन विभागाच्या अखत्यारीत येते, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. वन विभागाने कळवले की सदर प्राणी वन्यप्राण्यांच्या यादीत समाविष्ट नाही. पशुसंवर्धनाला लिहिण्याचा मोह मी आवरला.

सौभाग्यवती खांबाला म्हणाल्या, "कीड लिहू दिलं असतं तर?"

ती कीड नाहीच. खरे लिहिले म्हणून दार बंद होत असेल तर दोष दाराचा आहे. हेच मी वरच्या कार्यालयाला लिहिले, त्याच्याही वरच्या कार्यालयाला लिहिले, आणि मागणी केली की सरकारी हद्दीतून गोगलगाई खाजगी रानात येतात याची प्रत्यक्ष जागेवर पाहणी व्हावी.

तोपर्यंत श्रावण लागला, आणि वहिनींच्या रानात ओढ्याच्या बाजूने पुन्हा दांडे दिसू लागले.

हे कसे होते ते मला समजेना. वहिनी पहाटे रानात जात होत्या, बारदाने उचलत होत्या, पाटी भरून वेचत होत्या. हे मी बांधावरून रोज पाहत होतो. चुन्याचा पट्टा पावसाने धुतला की पुन्हा ओढत होत्या. इतरांची दुबार पेरणी तग धरून होती. फक्त वहिनींच्या रानात रोज दोन-दोन ओळी आत सरकत संहार चालला होता. मी विचारले तर त्या म्हणाल्या, "लई झाल्यात, भावजी." एवढेच. माझा संशय पक्का झाला. मी आणखी एक पत्र लिहिले, त्यात 'शासनाच्या डोळेझाकीने पोसलेली' असे शब्द घातले आणि ते जरा कडक झाले म्हणून मनातून खूशही झालो.

आश्चर्य म्हणजे पाहणी मंजूर झाली. सकाळी सकाळी तालुक्याचे अधिकारी जीपने आले. ती कृषी सहायक मुलगीही होती. मी धुतलेले धोतर नेसून, फाइल काखेत घेऊन वाट पाहत उभाच होतो. गावातली चार माणसे मागे आली. ओढ्याकडे जाताना मी अधिकाऱ्यांना हद्दीच्या खुणा दाखवत होतो: येथवर खाजगी, येथून सरकारी.

"म्हणजे तुमचं म्हणणं, ह्या झुडपांतून येतात," अधिकारी म्हणाले.

"म्हणणे नव्हे. तुम्ही स्वतः पाहा."

त्यांनी स्वतः पाहिले. बेशरमीच्या झुडपाशी वहिनी पाठमोऱ्या वाकल्या होत्या. कमरेवरची पाटी त्यांनी हळूच खाली टेकवली, आणि एकेक शंख उचलून, उपडा पडणार नाही अशा बेताने, झुडपाच्या बुडाशी ओल्या पाल्यावर ठेवू लागल्या. काही शंख ओढ्याच्या काठावर, पाण्याच्या अगदी जवळ ठेवले. मग ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्यावर शिंपडले.

मागून एक जण खोकला. वहिनी वळल्या आणि इतकी माणसे पाहून त्यांनी पदर ओढून घेतला.

"काय करताय, आजी?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"सोडतीय, सायेब."

"मारत का नाही?"

"सरावन हाय की." एवढ्यावर थांबाव्यात ना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत अपराध नव्हता, आधार मागितल्यासारखे काही तरी होते. "जित्या जिवाला मिठात घालायचं, त्येबी शंख असल्याला, सरावनात... हात धजंना. आन् तुमीच म्हणला व्हता न्हवं भावजी, पारावर? वढ्यातल्या गरीब असत्यात, रान खात न्हाईत म्हणून. म्हणलं, वढ्याला नेऊन सोडाव्या. ऱ्हातील पाण्याच्या कडंला. निवळतील."

मागच्या माणसांत हसण्याची एक लाट आली आणि विरली. कृषी सहायक मुलगी खाली पाहत होती. माझ्या काखेत त्या काठाविषयीची सगळी फाइल होती. कल्ले आणि फुप्फुस यांतला फरक मला माहीत होता, झाकण आणि बिनझाकण मला माहीत होते, शंखाचा वेढा कोणत्या हाताला जातो तेही मला माहीत होते. मी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

अधिकारी भला माणूस निघाला. "शेरा काय लिहायचा, काका?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

"जे पाहिले ते लिहा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

घरी आलो. सौभाग्यवती त्या दिवशी खांबाशी न बोलता माझ्याशी बोलल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"सगळ्या आळीला ठाऊक होतं. पहिल्या सोमवारपासून."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही जाऊबाईंना काय सांगणार होता? श्रावणात मारा म्हणून?"

हा प्रश्न मी आजपर्यंत स्वतःला विचारतो. मला राग येतो, पण तो कोणावर यावा हे ठरवता येत नाही. दया दाखवणाऱ्या बाईवर दावा लावता येत नाही. सरकार त्या दिवशी निर्दोष सुटले, आणि गोगलगाय तर आपल्या जातीप्रमाणे वागली. त्या संध्याकाळी मी वहिनींना समजावून सांगितले की ती जात जमिनीवरची आहे, पाण्याकाठी सोडल्याने तिचा स्वभाव पाणवठ्याचा होत नाही, ती तेथे अंडी घालते आणि संध्याकाळी परत चरायला येते. त्यांनी शांतपणे ऐकले.

"येगळी जात हाय व्हय ती?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, संगत बदलली म्हंजी..."

नंतर पंधरवडाभर आम्ही बारदाने टाकली. गायरानापर्यंत शेजाऱ्यांनी मदत केली. वेचलेल्या गोगलगाई आमच्या आळीतली एक मुले-बाळे नसलेली विधवा, जिला श्रावण पाळण्याचे कारण वाटत नव्हते, मिठात टाकत असे. पण वहिनींच्या रानात तेव्हा वाचवण्यासारखे फारसे उरले नव्हते. मुलाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याजवळच बसलो होतो. मोबाइलचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळे ऐकू आले. तो रागावला नाही, जिंकल्यासारखाही बोलला नाही. "आई, जेवलीस का?" असे त्याने आधी विचारले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "न्हाय पिकलं रे. तू म्हणतुयास तसं कर."

"आई, अजून एक साल बघायचं असंल तर..."

"न्हाय. शब्द दिलाय."

मी खुणेने, ओठांनी, हातवारे करून सांगत होतो, मान्य करू नका, पुढच्या हंगामापर्यंत मुदत मागा, तो स्वतःच देतो आहे. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

कंपनीच्या संमतीपत्राचा मसुदा वकिलाकडून आला. त्यात चतुःसीमा चुकीच्या होत्या. पश्चिमेला ओढ्याऐवजी रस्ता लिहिला होता. वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भावजी, तुमच्या हातानं नीट करून द्या. आपल्या रानाची हद तरी खरी लिवा." मी दुरुस्ती केली. पश्चिमेस ओढा, त्यापलीकडे सरकारी गायरान. खाडाखोडीवर त्यांनी सही केली. त्यांचे अक्षर मोठे आणि वळणदार आहे. मी ते पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने ओढ्याकडे गेलो. वहिनी तेथे होत्या. बेशरमीच्या झुडपांत हात घालून गोगलगाई वेचत होत्या. शेजारी बादली होती आणि बादलीत मिठाचे पाणी.

"वहिनी, आता कशासाठी?" मी विचारले. "रानात राहिलंय काय?"

"शेजारच्याचं हाय की अजून. शेंगा लागल्यात त्येला." त्या न थांबता म्हणाल्या. "सरावन सरला. ह्या म्या सोडलेल्या हायत."

मी धोतर खोचून त्यांच्या शेजारी वाकलो. बराच वेळ आम्ही दोघे वेचत होतो. मग त्यांनी एक लहानसा काळपट शंख तळहातावर धरून माझ्यापुढे केला. "ही कंची, बघा बरं."

मी तो उलटा केला. तोंडाला झाकण होते, घट्ट लावलेले.

"ही ओढ्यातली."

"मग हिला सोडून या."

मी पाण्याशी गेलो, तिला दगडाच्या आडोशाला ठेवले आणि झाकण उघडते का ते पाहत थांबलो. उघडले नाही. परत वळलो तेव्हा वहिनींनी तोंड रानाकडे फिरवले होते, आणि न बघता, एकेक करून, हातातल्या गोगलगाई बादलीत टाकत होत्या.